शहरातली रात्र थंड का होत नाही? उष्णतेच्या लाटा आणि वाढती शहरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्र-वैशाखात पारा चढू लागला की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांपैकी नेमाने येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः पुणे, नागपूर आणि मुंबई या तीन शहरांची आहेत, कारण तिन्ही शहरे तापतात ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

हवामान विभाग उष्णतेची लाट कशाच्या आधारे जाहीर करतो?

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस झाल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. ही पायरी ओलांडल्यानंतर त्या दिवसाचे तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर ती उष्णतेची लाट ठरते, आणि तफावत ६.४ अंशांच्या पुढे गेली तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला की लाट आणि ४७ ला पोचला की तीव्र लाट, असा दुसरा निकषही आहे. ही स्थिती एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस टिकावी लागते आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते.

'४४ अंश असूनही लाट का नाही?' असे विदर्भातले वाचक विचारतात, त्याचे उत्तर या आकड्यांतच आहे. मे महिन्यात तेथील सरासरीच ४२-४३ च्या घरात असल्यामुळे साडेचार अंशांची तफावत सहसा पडत नाही आणि निर्णय बहुधा ४५ च्या निकषावर होतो. निकष चुकीचा आहे असे नाही. तो नेहमीपेक्षा वेगळी स्थिती ओळखण्यासाठी आहे, अंगाची लाही मोजण्यासाठी नाही.

'उष्ण रात्र' असा इशारा असतो, तो कशासाठी?

कमाल तापमान ४० किंवा त्याहून अधिक असताना त्याच जोडीने किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर राहिले, तर ती रात्र 'उष्ण रात्र' म्हणून नोंदली जाते. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचे सहा-सात तास गार हवा लागते. ती मिळाली नाही की हृदयावरचा ताण दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी माणसे कोसळतात. या निकषात एक उणीव मात्र दिसते. चाळिसाची अट असल्यामुळे मुंबई-ठाण्याच्या घामट रात्री त्यात बहुतेक वेळा बसतच नाहीत, मग तिथल्या लोकांना कितीही जागावे लागो.

शहर तापणे म्हणजेच हवामानबदल का?

नाही. या दोन वेगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन साचतात. पृथ्वीची हवा तापते आहे ती वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे, आणि ती खेड्यातही तापते. शहराची अधिकची उष्णता मात्र जमिनीवर आपण काय बांधले यावरून ठरते. तिला 'नागरी उष्णता-बेट' म्हणतात, कारण तापमानाच्या नकाशावर शहर भोवतालच्या गार प्रदेशात बेटासारखे उठून दिसते.

मोटारी आणि वातानुकूलन यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीच हे लक्षात आले होते. ल्यूक हॉवर्ड या हवामान अभ्यासकाने १८१८ ते १८२० या काळात लंडनच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन शहरातली रात्र आसपासच्या खेड्यांपेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअसने उबदार असते, असे त्याला आढळले. त्याच नोंदींत दिवसा शहर किंचित गारच निघाले होते. ही दुसरी बाब लोक विसरतात, म्हणून पुढे तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

शहरात उष्णता साठते तरी कशी?

वैशाखात एखाद्या रात्री अकराच्या सुमारास घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, तरी भिंत कोमट लागते. गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी असेल, तर त्या वेळी नळाला येणारे पाणीही अंगावर घेववत नाही. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबवर दुपारी पडलेली उष्णता खालच्या बाजूला पोचायला साधारण चार तास लागतात. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली दुपारी नव्हे, तर दिवेलागणीनंतर भट्टीसारखी होते.

पहिले कारण, अर्थातच, साहित्याचे आहे. नवे काळे डांबर त्यावर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग परत फेकते आणि उरलेले पोटात घेते. काँक्रीट त्याहून बरे, पण ते साठवून ठेवण्यात पटाईत. दुसरे कारण पाण्याचे. ओल्या मातीवर किंवा पिकावर पडलेल्या उन्हाचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो आणि तेवढ्यापुरती हवा तापत नाही. फरशी, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांनी झाकलेल्या जमिनीत वाफ व्हायला पाणीच नसते.

तिसरे कारण फारसे बोलले जात नाही, पण रात्रीचा खरा गुन्हेगार तेच. तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून निवते. माळरानाला सगळे आकाश मोकळे असते. दोन्ही बाजूंना दहा मजली इमारती असलेल्या अरुंद गल्लीला आकाशाची एक पट्टीच दिसते. बाकीची उष्णता समोरच्या भिंतीवर आदळून परत येते. त्याच इमारती वाराही अडवतात. या सर्वांवर वाहनांची, जनित्रांची, हॉटेलांच्या भट्ट्यांची आणि वातानुकूलन यंत्रांची स्वतःची उष्णता पडते.

मग दिवसाही शहर नेहमीच जास्त तापलेले असते का?

असते असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते, परंतु भारतात उन्हाळ्याच्या दिवसांत अनेकदा उलटे घडते. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात पिके निघून गेलेली असतात आणि नांगरून टाकलेली काळी जमीन उघडी पडलेली असते. तिच्यात ओलावा नसतो, सावलीही नसते. अशा शिवाराच्या तुलनेत झाडे, बागा आणि उंच इमारतींच्या सावल्या असलेले शहर दुपारी थोडे गारच असू शकते. उपग्रहांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांतही कोरड्या उन्हाळी दुपारी हे चित्र दिसले आहे, आणि बागायती, कालव्याखालच्या प्रदेशात वसलेल्या शहरांभोवती ते पालटते, कारण तेथे शेतच गार असते. सूर्य मावळला की मात्र शिवार झपाट्याने निवते आणि शहर निवत नाही. रात्रीचा फरक जवळजवळ सर्व शहरांत एकाच दिशेचा आढळतो. म्हणून शहर किती तापले याचा न्याय दुपारच्या कमाल आकड्यावरून करणे म्हणजे दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला, असे होते.

उष्णतेची लाट आणि शहराची उष्णता यांची नुसती बेरीज होते का?

काही ठिकाणी बेरजेपेक्षा जास्त होते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाटेच्या दिवसांत शहर आणि भोवताल यांतली तफावत नेहमीपेक्षा वाढलेली आढळली. कारण समजायला अवघड नाही. लाटेत ऊन कडक आणि वारा मंद असतो. खेड्यातल्या ओल्या जमिनीला हे जादा ऊन बाष्पीभवनात खर्चता येते, तर शहराकडे ती वाट नसल्याने सगळा भार हवेवर आणि भिंतींवर येतो. पडलेल्या वाऱ्यामुळे साचलेली उष्णता वाहूनही जात नाही. भोवतालची जमीनच कोरडीठाक असेल तर हा जादा परिणाम कमी होतो, त्यामुळे प्रत्येक शहराचे गणित निराळे येते.

हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या 'आयपीसीसी' या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने मात्र मुख्य निष्कर्ष नि:संदिग्धपणे मांडला आहे : शहरे स्थानिक तापमानवाढ तीव्र करतात, आणि वाढते शहरीकरण व वाढत्या उष्ण लाटा मिळून पुढील लाटांची तीव्रता आणखी वाढवतील.

आपल्या शहरांच्या तापण्यात बांधकामाचा वाटा किती? कोणी ६० टक्के म्हणते, कोणी ३८.

दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. घोळ वाचण्यात होतो. भुवनेश्वरच्या आयआयटीतील संशोधकांनी भारतातल्या १४१ शहरांच्या २००३ ते २०२० या काळातल्या रात्रीच्या भूपृष्ठ-तापमानाचा अभ्यास करून तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. शहरांची रात्र दर दशकाला सरासरी सुमारे ०.५३ अंशांनी तापत गेल्याचे त्यांना दिसले. त्यातले सुमारे ०.२ अंश शहरीकरणाच्या खात्यावर पडतात आणि उरलेले ०.३३ अंश भोवतालच्या प्रदेशातही वाढलेच होते. आता ०.२ ला ०.५३ ने भागले तर सुमारे ३८ टक्के येतात, हा एकूण वाढीतला वाटा. तेच ०.२ अंश ०.३३ शी ताडून पाहिले तर ६० टक्के येतात, म्हणजे शहर भोवतालापेक्षा तेवढ्या जादा वेगाने तापले. बातमीदार साहजिकच मोठा आकडा उचलतात.

यातला धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग ते ०.२ अंश आहेत. जगाचे उत्सर्जन महापालिकेच्या हाती नाही, पण तिच्या हद्दीत किती जमीन झाकायची, हे तिच्याच हाती आहे.

पुण्यात एकाच रात्री दोन भागांची तापमाने इतकी वेगळी का?

हिवाळ्यात हे सर्वांत ठळक दिसते. पाषाणला स्वेटर शोधावा लागतो त्याच पहाटे वडगाव शेरी किंवा मगरपट्ट्यात पंखा पूर्ण बंद करावासा वाटत नाही. दोन्हीकडच्या किमान तापमानांत चार-पाच अंशांचा फरक पडलेला अनेकदा छापून येतो. त्यात बांधकामाचा वाटा आहेच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेच्या हद्दीत आली आणि पुणे ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. ज्वारीची आणि उसाची शेते, गुऱ्हाळे, वीटभट्ट्या जाऊन तेथे सोसायट्या उभ्या राहिल्या.

तथापि सगळाच फरक इमारतींच्या माथी मारणे बरोबर नाही. थंड हवा जड असते आणि रात्री टेकड्यांवरून सखल भागात उतरते, त्यामुळे टेकड्यांच्या कुशीतली केंद्रे मुळातच अधिक गार असतात. टेकडीफोड झाली की गारव्याचा हा पुरवठाही घटतो, ही गोष्ट टेकड्या वाचवण्याच्या चर्चेत क्वचितच कोणी मांडते.

नागपुरात ५६ अंश तापमान झाले होते, हे खरे आहे का?

नाही. मे २०२४ च्या अखेरीस तेथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, बातमी देशभर पोचली आणि हवामान विभागाने तपासणी करून संवेदक बिघडल्याचे सांगितले. त्याच सुमारास दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राचा ५२.९ हा आकडाही असाच चुकीचा ठरला. हवेचे तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजतात. गाडीतल्या पडद्यावर दिसणारा आकडा हा बव्हंशी तापलेल्या रस्त्याचा आणि बॉनेटचा असतो.

हीच काळजी उपग्रहांच्या लालभडक नकाशांबाबत घ्यावी. ते जमिनीच्या किंवा छपराच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतात. दुपारी पत्रा हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज तापतो. शिवाय लँडसॅट हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातो. त्याच्या चित्रावरून रात्रीविषयी काही ठरवता येत नाही.

मुंबईत ३५ अंश असताना नागपूरच्या ४४ पेक्षा जीव जास्त का घाबरतो?

घामाची वाफ झाली तरच शरीर गार होते, नुसता घाम गळून उपयोग नसतो. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो त्याला आर्द्र तापमान म्हणतात. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हे आर्द्र तापमान साधारण २३ येते. मुंबईत ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ते २८ च्या पुढे जाते. म्हणूनच नागपुरात खिडकीला लावलेला वाळ्याचा कूलर खोली खरोखर गार करतो आणि तोच कूलर मुंबईत अंथरूण तेवढे दमट करतो.

निरोगी माणसासाठीही आर्द्र तापमान ३५ ही सैद्धांतिक मर्यादा मानली जात होती. प्रयोगशाळेतील अलीकडच्या चाचण्यांत तरुण, धडधाकट माणसांचे शरीरही ३१ च्या आसपासच हार मानू लागते असे दिसले. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर येथे भर उन्हात, खुल्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. मुंबईत मार्चमध्येही अचानक तापमान चढते, त्याचे कारण वाऱ्याचे आहे : जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा आत शिरतो आणि तोवर सांताक्रूझ तापत राहते. १४ एप्रिल १९५२ चा ४२.२ हा तेथील उच्चांक. तेव्हाच्या उपनगरात झाडी आणि खाजण होते, त्यामुळे 'पूर्वी एवढे तापतच नव्हते' हे विधान जरा जपून करावे.

एसीमुळे शहर आणखी तापते का?

तापते. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर काढते आणि त्यासाठी जवळपास दीड किलोवॉट वीज वापरते; ही दोन्ही मिळून पावणेसात किलोवॉटच्या घरातली उष्णता बाहेर गल्लीत जाते. इमारतीच्या मागच्या डक्टमध्ये चाळीस यंत्रे फुंकत असतील तर मधल्या मजल्यांवर खिडकी उघडण्याची सोय राहत नाही, आणि खिडकी उघडता येत नाही म्हणून ज्याच्याकडे एसी नव्हता तोही तो घेतो. अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या संगणकीय अभ्यासात वातानुकूलनामुळे काही भागांतली रात्रीची हवा एक अंशाहून अधिक तापत असल्याचे दिसले आहे.

याचा अर्थ आजाऱ्याने किंवा म्हाताऱ्याने लाटेत एसी लावू नये असा नव्हे. एसी तेव्हा प्राण वाचवतो. २६-२७ अंशांवर ठेवून पंखा लावला तरी भागते.

झाडे लावल्याने खरोखर किती फरक पडतो?

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. पूर्ण वाढलेल्या झाडाने दिवसाला शंभर लिटर पाणी हवेत सोडले, तर ते काम दीड टनाच्या यंत्राने बारा-तेरा तास चालण्याइतके होते, आणि बाहेर गरम हवाही फेकली जात नाही. पण या हिशेबात 'पूर्ण वाढलेले' आणि 'पाणी असलेले' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून मुळांचा गळा आवळलेल्या झाडाकडे वैशाखात सोडायला पाणी नसते. तोडलेल्या वडाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली दहा रोपे कागदावर हिशेब पुरा करतात. त्या चौकातल्या रिक्षावाल्याची सावली मात्र गेलेलीच असते. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनापेक्षा सावलीचाच उपयोग अधिक, म्हणून तेथे बागेपेक्षा पदपथाकडेची झाडे मोलाची.

गच्चीला चुना किंवा पांढरा रंग लावावा का?

सर्वांत स्वस्त उपाय तोच. ताजा पांढरा थर बहुतेक ऊन परत फेकतो आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो. सर्वांत जास्त गरज पत्र्याच्या घरांना आहे, कारण पत्रा आणि डोके यांत दुसरे काहीच नसते. धुळीने थर मळतो आणि पावसात चुना वाहून जातो, त्यामुळे दरवर्षी होळीच्या आगेमागे पुन्हा हात मारावा लागतो. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरण केले. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना या उपायाचा फायदा नगण्य असतो, तेथे पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताटी किंवा पडदा लावणे अधिक उपयोगी.

ऊन लागले आहे आणि उष्माघात झाला आहे, यांतला फरक कसा ओळखावा?

भरपूर घाम, चक्कर, पेटके, मळमळ असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर सावलीत झोपवून मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस किंवा पन्हे थोडे थोडे द्यावे. माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, शुद्ध हरपली आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालत राहावे. मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवावा. गार करण्यात गेलेला उशीर मेंदूला भोवतो.

पालिकेच्या उष्णता कृती आराखड्यात काय असायला हवे?

मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीच्या तुलनेत १,३४४ जास्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला असा आराखडा लागू केला. नागपूरनेही पुढे तोच मार्ग धरला. इशारा, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, बांधकामावरच्या कामाच्या वेळा बदलणे, हे सगळे त्यात येते आणि त्याने जीव वाचतात. परंतु बहुतेक आराखडे दुपारी बारा ते चारपुरते लिहिलेले वाटतात. रात्री दहानंतर पत्र्याच्या वस्तीतल्या माणसाने कुठे झोपायचे, उद्यानांची कुलपे उन्हाळ्यात रात्री उघडी ठेवता येतील का, भारनियमन रात्री का होते, हे प्रश्न आपल्या प्रभागाच्या बैठकीत विचारावेत.

घरातली रात्र किती गरम आहे, हे स्वतः मोजता येईल का?

साधा डिजिटल तापमापक पुरतो; आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम. तो पलंगाच्या उंचीवर, खोलीच्या मधल्या भागात दोरीला टांगावा आणि रात्री दहाला, पहाटे दोनला व पाचला आकडे वहीत लिहावेत. पाचचा आकडा त्याच दिवशी हवामान विभागाने दिलेल्या किमान तापमानाशी ताडून पाहावा, म्हणजे खोली बाहेरच्या हवेपेक्षा किती मागे राहते ते कळते. तापमापक भिंतीला चिकटवू नये, विशेषतः पश्चिमेच्या. तो मग खोलीचे नव्हे, भिंतीचे तापमान सांगतो.